झाकणाखाली अकरा पोती

चीनच्या लढाईनंतर बाहेरचा माल यायचा थांबला आणि उस्मानाबादच्या टेनिस क्लबाला चेंडू मिळेनासे झाले. सोलापूरहून कागदी खोक्यातून जे देशी चेंडू यायचे, ते आठ-दहा दिवसांतच मऊ पडायचे. आपटले की गुडघ्याच्या वर उठत नसत. क्लबाचे सेक्रेटरी उत्तरेश्वरराव वकील यांना हे सहन होईना. ते स्वतः बरे खेळायचे, आणि संध्याकाळी जाळीपलीकडे जिल्ह्याचे बडे साहेब उभे असायचे, याचं त्यांना खेळापेक्षाही जास्त अप्रूप होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी ते महेबूबच्या दुकानी आले. महेबूब सायकली दुरुस्त करायचा, स्टो आणि गॅसबत्त्या झाळायचा. वकिलांनी एक चेंडू त्याच्यापुढं टाकला.

"हा मरतो का रे असा?"

महेबूबनं चेंडू दाबून पाहिला. "आत हवा कोंडलेली असती, साहेब. रबरातनं ती झिरपती. आत जास्त, बाहेर कमी. जास्तीची हवा कमीकडं जाणारच."

"मग बाहेरची हवा वाढवली तर?"

महेबूबनं चेंडू पुन्हा उचलला. सवाल त्याला आवडला होता. चार दिवस त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. पाचव्या दिवशी त्यानं पाण्याच्या जाड नळाचा हातभर तुकडा घेतला. एक तोंड लोखंडी चकती झाळून बंद केलं. दुसऱ्या तोंडाला सोलापूरच्या लेथवर आटे पाडून आणले आणि त्यावर फिरकीचं टोपण बसवलं. टोपणाखाली ट्यूबच्या रबराचा वायसर घातला, बाजूला सायकलचा व्हॉल्व्ह. आत चार चेंडू बसले. पंपानं अंदाजे पंधरा पौंड हवा भरली आणि नळी पाण्याच्या टपात बुडवली. एक बुडबुडा आला नाही.

तीन आठवड्यांनी वकिलांच्या देखत टोपण उघडलं. फस्स करून हवा गेली. भीमाशंकरनं चेंडू कोर्टावर आपटला, तो त्याच्या छातीला येऊन लागला.

"आयला!" भीमाशंकर म्हणाला. "ह्यो तर नव्यावानी उडतोय."

भीमाशंकर क्लबाचा जुना माणूस. निजामाच्या अमदानीपासून कोर्टावर पाणी मारायचा, रूळ फिरवायचा, जाळी बांधायचा. क्लबाच्या आवारातच एका खोलीत तो आणि त्याची बायको चन्नम्मा राहायचे. महेबूब त्याला भीमाकाका म्हणायचा.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं.

मे महिन्यात क्लबाच्या स्पर्धा ठरल्या. औरंगाबादहून मोठे साहेब सहकुटुंब येणार होते. वकिलांनी खटपट करून चार डझन चेंडू आधीच मिळवले आणि कार्बाइडचा एक रिकामा डबा महेबूबच्या दुकानी पाठवून दिला. मागोमाग स्वतः आले.

"सगळे चेंडू यात राहिले पाहिजेत. झाकण नीट बसव."

महेबूबनं डब्यावर बोट वाजवलं. पत्रा पातळ होता. "साहेब, म्या तशाच बारा नळ्या करून देतो. मजबूत काम होईल."

"बारा नळ्या कोण सांभाळत बसणार? आणि साहेबांना दाखवायचाय तो. एकच डबा, वर हिरवा रंग. कळलं?"

महेबूबच्या ओठावर नाही आलं होतं. पण तो "जी" म्हणाला. पोलिस ॲक्शनच्या साली त्याचा थोरला भाऊ मुनवर घरातून गेला, तो परत आला नव्हता. तेव्हापासून त्यांच्या घरानं काळ्या कोटाला, खाकी कपड्याला, कागद घेऊन आलेल्या कुणालाही उलट उत्तर दिलं नव्हतं. कुणी तसं शिकवलं नव्हतं. आपोआप अंगवळणी पडलं होतं.

डबा तयार झाला. तोंडाला लोखंडी कडं, कड्यावर झाकण, भोवती आठ बोल्ट. महेबूबनं वकिलांच्या गाडीतला हवेचा काटा मागून आणला आणि थोडी थोडी हवा भरून पाहू लागला. आठ पौंडाला झाकणाचा मधला भाग जरासा वर आला. त्यानं हात ठेवला. सपाट पत्रा पोटासारखा फुगला होता.

त्यानं लगेच हवा सोडली. मग खडू घेऊन झाकणावर इंचाइंचाचे चौकोन आखायला बसला. बायको सायराबी जेवायचं सांगायला आली, ती तशीच उभी राहिली.

"क्या कर रहे जी?"

"काट्यावर पंधरा पौंड म्हणजे प्रत्येक चौकोनावर पंधरा पौंड," महेबूब म्हणाला. "नळीच्या तोंडावर सात चौकोन होते. ह्याच्यावर पंच्याण्णव हायेत. हवा तेवढीच, पण झाकण केवढं, बघ. पंधरा भरलं तर साडेसहा पोती ज्वारीएवढा जोर खालनं झाकण वर ढकलील."

सायराबीनं त्या आठ बोल्टांकडं पाहिलं. "मग देऊ नका हा डबा."

महेबूबनं बोल्ट एकेक आवळून पाहिले. दुपारी तो खडूच्या चौकोनांसकट डबा घेऊन वकिलांकडं गेला आणि हिशेब समजावून सांगितला. वकील हसले.

"हवेला कुठं वजन असतं, महेबूब? पोती म्हणे!"

"साहेब, पाच पौंडाच्या वर न्हाय भरायचं. तेवढं माझं ऐका."

"बरं बरं," वकील म्हणाले आणि खडू रुमालानं पुसून टाकला.

डबा क्लबाच्या व्हरांड्यात गेला. पण पाच पौंडात चेंडू धड टिकेनात. वकिलांनी भीमाशंकरला सांगून हवा वाढवली. महेबूब रोज दुपारी क्लबात यायचा, काटा लावायचा आणि जास्तीची हवा सोडायचा. भीमाशंकर बघायचा, पण कुणाला सांगायचा नाही. भर उन्हात डबा मधूनच टिक् करून वाजायचा. व्हरांड्यात झोपणारं कुत्रं तिथून उठून जाळीच्या खांबाकडं गेलं, ते पुन्हा व्हरांड्यात आलंच नाही.

"भीमाकाका, ह्याच्याजवळ बसत जाऊ नका," महेबूब म्हणाला.

"आरं, माझी बाज तर ह्या भिंतीला लागूनच हाय. पलीकडंच निजतो आमी."

महेबूबनं त्या भिंतीकडं पाहिलं. मातीची भिंत, वीतभर जाडीची.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी वकिलांनी चेंडू काढून आपटला. तो मांडीपर्यंतच आला.

"हवा कोण सोडतंय?"

भीमाशंकर जाळीची दोरी आवळू लागला.

"कोण सोडतंय, विचारतोय मी! तो महेबूब ना? त्याला सांग, यापुढं क्लबाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. दुकानाचा परवाना कुणाच्या सहीनं मिळतो, तेही विचार त्याला."

त्याच संध्याकाळी वकिलांनी गाडीतला पायानं दाबायचा पंप आणवला आणि स्वतः उभं राहून भीमाशंकरकडून हवा भरवून घेतली. काटा पंचवीसवर गेला. झाकण शेगडीवरच्या भाकरीसारखं टम्म फुगलं. वकिलांनी मान डोलावली.

भीमाशंकरनं महेबूबला हे सांगितलं तेव्हा महेबूबनं मनातल्या मनात आकडा मांडला. अकरा पोती. त्यानं दुकानाची फळी लावली, क्लबाच्या फाटकापर्यंत गेला, आणि फाटकाबाहेरूनच परत आला. पुढचा सबंध दिवस त्याच्या हातून एकही पंक्चर धड निघालं नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला भीमाशंकर धावत दुकानी आला. धोतराचा सोगा हातात, श्वास लागलेला.

"महेबूबभाई, चल. डबा हलवताना पायरीवनं निसटला. व्हॉल्व्ह चेपलाय. हवा सुटंना झालीय. आन् वकीलसाहेब पाव्हणे आणाया गेलेत."

"डबा कुठं हाय?"

"व्हरांड्यातच. बाया-मंडळींच्या खुर्च्या मांडल्यात तिथं. ऊन पार डब्यापाशी आलंय."

महेबूबनं पाना उचलला. सायराबी दारात आली होती. तिनं बाजूला होऊन त्याला वाट दिली. या खेपेला तो फाटकाशी थांबला नाही.

व्हरांड्यात पंधरा-वीस वेताच्या खुर्च्या होत्या. मध्ये टेबलावर पांढरा कपडा आणि त्यावर तो हिरवा डबा, गळ्यात झेंडूची माळ घालून ठेवलेला. माळेखालून टिक्, टिक् आवाज येत होता. कड्यापाशी एका बोल्टाखाली पत्र्याला केसाएवढी चीर पडली होती.

"चन्नम्माला घेऊन फाटकाबाहेर जा," महेबूब म्हणाला.

"आन् तू?"

"जा म्हणलं ना, काका!"

चन्नम्मा गेली. भीमाशंकर गेला नाही. त्यानं दोन पोती पाण्यात भिजवून आणली आणि डब्यावर टाकली. पत्रा चरचरला. दोघांनी पोत्यासकट डबा उचलला, झाकण स्वतःपासून लांब, आभाळाकडं ठेवलं, आणि पाऊल मोजत कोर्टामागच्या खड्ड्याकडं निघाले. मुरूम काढून काढून तिथं कमरेएवढा खड्डा झाला होता.  भीमाशंकर ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत होता.

डबा खड्ड्यात ठेवला. महेबूबनं भीमाशंकरला बाहेर ढकललं आणि स्वतः डब्याच्या बाजूला मुरमावर पालथा झाला. डोकं खाली, फक्त उजवा हात वर. चिरेच्या समोरचा बोल्ट त्यानं पाव फेरा सैल केला. मग शेजारचा. रबराखालून बारीक शीळ आली. हवा निघू लागली.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. रिकामं टेबल आणि खड्ड्याशी उभा असलेला भीमाशंकर पाहून वकील तरातरा आले.

"कुणी हलवला डबा? महेबूब! हवा सोडतोस? चेंडू मारतोस माझे? बंद कर ते!"

"मागं सरा, साहेब."

"बंद कर म्हणतो!" वकील खड्ड्याच्या काठावर वाकले.

"मागं सर!" महेबूब ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणा साहेबाला एकेरी हाक मारली होती. वकील दचकून दोन पावलं मागं झाले, आणि चीर उलगडत गेली.

तोफेसारखा आवाज झाला. लिंबाच्या झाडावरचे कावळे एकदम उडाले. झाकण फिरत वर गेलं आणि बऱ्याच वेळानं दूर कोर्टाच्या मधोमध येऊन पडलं. खड्ड्यातून चेंडू उसळले. पांढरे, कोरे, सगळेच्या सगळे. ते मुरमावर आपटून पुन्हा डोक्याएवढे उडाले, पुन्हा आपटले, आणि पाहुणे फाटकात उभे होते त्यांच्या पायांपर्यंत गेले. इतके चांगले चेंडू त्या कोर्टावर कधी उडाले नव्हते.

महेबूबच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. कानात महिनाभर शिट्टी वाजत होती. सोलापूरच्या दवाखान्यातून तो परतला तेव्हा चौकशी लागली होती. एक अधिकारी आले, क्लबातच खुर्ची टाकून बसले. वकिलांनी लेखी दिलं होतं, की सायकलवाल्यानं परस्पर काहीतरी करून आणलं, क्लबाला त्याची माहिती नव्हती.

अधिकाऱ्यांनी महेबूबला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

महेबूबनं बांधलेला हात मांडीवर ठेवला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. वकील त्याच्याकडं पाहत होते, रागानं नव्हे, शांतपणे. ते पाहणं रागाहून वाईट होतं.

तेव्हा मागून भीमाशंकर पुढं झाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"हवा म्या भरली, साहेब. वकीलसाहेबांनी उभं राहून भरवली. पंचवीसपर्यंत काटा नेला. ह्यानं आधीच सांगितलं होतं, पाचाच्या वर न्हाय. रोज येऊन सोडून जायचा, म्हणून ह्याला फाटक बंद केलं. ह्यो नसता तर आज तुमी ज्या खुर्चीत बसलाय, तिथं कुणाचं तरी रगत सांडलं असतं."

अधिकाऱ्यांनी टाक दौतीत बुडवला आणि एक एक शब्द उतरवून घेतला. मग महेबूबकडं वळले.

"हे खरं?"

"व्हय," महेबूब म्हणाला. मग त्याला बोलता आलं. खडूचे चौकोन, पातळ पत्रा, बारा नळ्या, परवान्याची धमकी, सगळं त्यानं सांगितलं. वकिलांनी मध्येच घसा खाकरला, तरी तो थांबला नाही.

चौकशीचा कागद पुढं कुठं गेला, कुणाला कळलं नाही. वकिलांचं सेक्रेटरीपद तेवढं गेलं. वकिली चालू राहिली. रस्त्यात भेटले की ते महेबूबला नमस्कार करायचे आणि क्षणभर उभे राहायचे. सोबत सायराबी असली तर त्या क्षणभरात ती महेबूबची बाही घट्ट धरायची.

भीमाशंकरला मात्र जबानीच्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, खोली रिकामी करायला सांगितलं गेलं. तो आणि चन्नम्मा बोचकी घेऊन फाटकाबाहेर उभे होते. त्यांच्या गावाकडची, बेंबळीची गाडी निघून गेली होती. महेबूबला हे कळताच तो गेला आणि डाव्या हातानं मोठं बोचकं उचलू लागला. ते उचललं जाईना. चन्नम्मानं दुसरं टोक धरलं.

"किती दिस ठेवशील आमाला?" भीमाशंकरनं विचारलं.

"मला सायकलीला दोन हात कमी पडायलेत, काका," महेबूब म्हणाला. "तुम्ही रूळ फिरवलाय तीस वर्षं. पाना जमंल तुम्हाला."

सायराबीनं पुढच्या खोलीतली पेटी सरकवून जागा केली होती. चन्नम्मा उंबऱ्याशी थोडी अडखळली. मग तिनं चपला काढल्या, आत आली आणि आपला तवा चुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला.