अस्तराच्या उलट्या बाजूला

धाकटीला राग आला की ती भांडत नसे, शिवत असे. म्हणजे आधी लिहायची, मग शिवायची. कापड टेबलावर पसरायचं, अस्तराच्या उलट्या बाजूला मातीच्या खडूने चार कडक ओळी ओढायच्या, मग ब्रशने झटकून वर इस्त्री फिरवायची. कविता गायब, राग निम्मा. माप देताना पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं, घोरणारा नवरा, कुणी म्हणून तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

"लोक तुझ्या शिव्या अंगावर घालून मिरवतात," नवरा म्हणायचा.

"झटकते ना मी!"

ताईवरचा राग मात्र झटकून जाईना. धाकटी ओली बाळंतीण असताना आई गेली आणि ताईने तिला कळवलंच नाही. सगळं उरकल्यावर आली, बाळाच्या अंगावरून हात फिरवला आणि मग सांगितलं. "तुला झेपलं नसतं गं," म्हणाली. काय झेपेल नि काय नाही, हे ठरवणारी ही कोण? धाकटीला आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. त्या बाळाला आता मिसरूड फुटलं, तरी दोघी त्यावर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. येणंजाणं चालू होतं, हसणंखिदळणंही. मुकाट्याने गिळलेला राग कुणाला पचलाय का कधी?

आणि आता ताईने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. तिला सारखं गार लागायचं, म्हणून धाकटीने तिच्यासाठी लोकरी कोट शिवायला घेतला. माप घेताना टेप खांद्यावरून घसरत होता, इतकी ती वाळली होती. घरी येऊन कापड बेतताना धाकटीला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. म्हणजे ही पण न बोलताच जाणार! समोरचा खडू उचलून तिने फिक्या अस्तरावर लिहिलं:

आई निजली तेव्हा दार कुणी लावलं?
किल्ली तुझ्या कमरेला, हाक माझ्या गळ्यात.
तुझ्या हातचं पाणी मला नको आता,
तू माझी कुणी नाहीस.

इस्त्री फिरवली, अक्षरं विरली. कोट शिवून झाला आणि ती तो देऊनही आली.

दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना तो खडू पुन्हा हाती लागला. बोटांना चिकट लागला. मातीचा संपला होता, रागाच्या भरात तिने मेणाचा उचलला होता. मेणाचा खडू इस्त्रीखाली वितळून दिसेनासा होतो आणि पुढे अंगाची ऊब लागली की तेलकट डाग होऊन वर येतो. हे ती शिकायला येणाऱ्या मुलींना बजावून बजावून सांगायची. तिने एका चिंधीवर करून, ती मुठीत दाबून धरून पाहिलं. डाग उमटला. मरणाच्या दारात असलेल्या बहिणीच्या पाठीला तिने ती शेवटची ओळ शिवून दिली होती.

कात्री-दोऱ्याची पिशवी उचलून ती तशीच निघाली.

ताई कोट घालूनच बसली होती. "काखेत घट्ट होतोय का गं?" धाकटी म्हणाली. "दे, सैल करून देते."

"सैल करायला आत आहे कोण?" ताई हसली. "राहू दे. छान ऊब आहे."

"अगं, एक टाका राहिलाय."

ताईने कोट उतरवून दिला. धाकटीने खालची कड उलटली आणि तिचा हात तिथेच थांबला. अस्तर वीतभर उसवून पुन्हा शिवलेलं होतं. टाके डावीकडे झुकलेले, थरथरते. ताई डावखुरी. आईने दोघींना शेजारी बसवून हातशिलाई शिकवली, पण ताईचे टाके काही तिला सरळ करता आले नव्हते.

"डाग दिसला," ताई म्हणाली. "म्हटलं, धाकटीच्या हातून डाग? म्हणून उसवलं."

"ताई, मी रागात..."

"रागातच खरं बोलतेस तू. दार मीच लावलं." ताईला धाप लागली, ती थोडी थांबली. "तुझ्या तब्येतीचं निमित्त होतं गं. आई सारखी तुझंच नाव घेत होती. उशाशी मी, आणि नाव तुझं. वाटलं, शेवटचं तरी ती माझी एकटीची असू दे."

इतकी वर्षं धाकटीने जो राग केला तो अंदाजाने केला होता. खरा आता आला, आणि समोर उरली होती ती मूठभर हाडं.

"तीन ओळी बरोबर आहेत," ताई म्हणाली. "शेवटची खोटी आहे. तेवढी काढ."

धाकटीने शिवण उसवली. शेवटच्या ओळीपुरतं अस्तर कापून काढलं, पिशवीतला कोरा तुकडा तिथे जोडला आणि ताईच्या तिरप्या टाक्यांना लागून आपले टाके घातले. डोळ्यांतल्या पाण्याने सुई धड दिसत नव्हती. राग गेला नव्हता. तिने तो कोट ताईच्या अंगावर चढवला आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली.