सतरंजीवरची आठवी जागा

मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर ज्या निळ्या-तांबड्या पट्ट्यांवर लोळून तुम्ही पत्ते खेळता, त्या पट्ट्यांना कधी कान लावून पाहिला आहे का? एकदा लावून पाहा. मी ही जुनी सतरंजीच तुमच्याशी बोलते आहे. माझ्या एका कोपऱ्याची दशी तुटलेली आहे. मधोमध एक पिवळट डाग आहे, तो कैरीच्या पन्ह्याचा. पाहुणे आले की घरातले लोक तो डाग उशीखाली झाकतात. मला मात्र तो फार प्रिय आहे.

माझा जन्म नागपुरात, गोळीबार चौकामागच्या एका विणकराच्या अंगणात झाला. त्याचे नाव चंद्रभान. प्रत्येक धागा तो लोखंडी पंजाने ठोकून बसवी आणि ठोकताना गुणगुणत असे. ते गुणगुणणे माझ्या अंगात विणले गेले असावे, कारण पुढे आयुष्यभर गाण्याचा सूर कानी आला की माझे धागे आपोआप ताठ होत. मागावर असताना मी स्वप्ने पाहिली होती. एखाद्या मोठ्या घरी आपण जाऊ, आपल्यावर तक्के-लोड मांडले जातील, असे मला वाटे. प्रत्यक्षात मला घ्यायला रुपराव आले, आणि ते एकटे आले नाहीत. सारे कुटुंब घेऊन आले.

रुपरावांचे नागपूरच्या महाल भागात वह्या, पाट्या आणि दौतींचे छोटे दुकान होते. शाळा सुरू असली की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. सुट्टी लागली की तिथे माशी देखील फिरकत नसे. गंमत अशी की नेमक्या त्याच रिकाम्या दिवसांत शहरात नाटके येत. मैदानावर कनात उभी राही, कापडी भिंतींच्या आत रंगमंच सजे. त्याच दिवसांत रुपरावांची धाकटी बहीण सिंधूताई नरखेडहून मुलांना घेऊन माहेरी येई. गल्ला रिकामा, घर भरलेले आणि नाटकाची हौस मात्र साऱ्यांना सारखीच!

यावर एक तोड निघाली होती. रंगमंचाच्या अगदी पुढे जमिनीवर बसण्याची जागा असे. तिथे कोणत्या मुलाचे तिकीट पूर्ण आणि कोणाचे अर्धे, यावरून रोज भांडणे होत. कंटाळून आयोजकांनी नियमच करून टाकला, की एका सतरंजीला एकच तिकीट. तिच्यावर जेवढे मावतील तेवढे बसावेत. मात्र सतरंजीला जोड नको, आणि कुणाचे अंग मातीला लागता कामा नये.

म्हणून त्या दिवशी चंद्रभानच्या अंगणात मला अंथरून रुपरावांनी एकेकाला माझ्यावर बसवले. सिंधूताई, थोरली लेक शोभा, दोघा बहीण-भावांची बाकीची चार मुले उतरंडीसारखी; मग ते स्वतःही बसले.

"सरका गा, आणखी सरका!" रुपराव म्हणत होते.

"दादा, मले तर श्वासई मोजून घ्या लागन," सिंधूताई म्हणाली.

चंद्रभान हसू दाबत होता. "भाऊ, सतरंजी घेऊन राहिले का एस्टी भरून राहिले?"

"एस्टीत पाय लोंबला तर चालते गा. इथी मातीले अंगठा लागला की दुसरं तिकीट!"

आठही जण मावले. आठवी जागा होती रुपरावांच्या पत्नी गोपिकाबाईंची, माझ्या डाव्या कोपऱ्यावर, अगदी काठाला. एक गुडघा माझ्यावर आणि दुसरा जवळजवळ हवेत, अशा त्या बसल्या होत्या. कुणी त्यांना तिथे बसवले नव्हते. सारे बसून झाल्यावर जी जागा उरली, ती त्यांची झाली.

मित्रांनो, त्यानंतरचे उन्हाळे माझ्या आयुष्यातील सोन्याचे दिवस होते. ऊन उतरले की रुपराव मला गुंडाळून खांद्यावर घेत. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून सारे पायीच निघत. शोभाकडे सुरई, सिंधूताईकडे मुरमुऱ्यांच्या चिवड्याचा डबा, गोपिकाबाईंकडे पन्ह्याची कळशी. मैदानात पोचलो की मला झटकून अंथरले जाई, आणि मग माझ्याइतके भाग्यवान कुणी नसे. मागे खुर्च्यांवर बसलेल्या श्रीमंतांना पुढच्यांची डोकी दिसत. आम्हाला नटांच्या पायांतले चाळ दिसत. राजाच्या मिशीचा डिंक सुटू लागला, तर पहिल्यांदा आम्हाला कळे. आठ माणसे एकदम हसली की माझ्या अंगातून लाट जाई, आणि आठ माणसे एकदम गप्प झाली की मला माझ्याखालच्या मातीचा गारवा जाणवे.

पण खरे नाटक दुसऱ्या दिवशी होई. गोपिकाबाई मला गल्लीत अंथरत. आमच्यासारखे एक तिकीटही ज्यांना परवडत नसे, अशा शेजारणी माझ्यावर येऊन बसत, आणि गोपिकाबाई त्यांना आदल्या दिवशीचे नाटक सांगत. एरवी चार माणसांत न बोलणारी ही बाई तेव्हा राजा होई, राणी होई, दरवाजा करकरावा तशी करकरे. ते ऐकताना मला वाटे, की आपण पाहिले त्याहून हेच अधिक खरे आहे.

एका वर्षी मात्र आक्रीत घडले. एका बहीण-भावाचे नाटक होते. दोघांत वर्षानुवर्षे अबोला. तिसऱ्या अंकात बहीण भावाच्या अंगणात येते, तुळशीपाशी थांबते, दाराकडे निघते, कडीकडे हात नेते, आणि त्याच क्षणी आंधी आली! धुळीचा लोट उठला, दिवे गेले, कनात पतंगासारखी उडाली. सकाळी कंपनी गाशा गुंडाळून दुसऱ्या गावी निघून गेली.

गोपिकाबाईंनी गल्लीत ते नाटक कडीपर्यंत सांगितले.

"मंग? दार उघडलं का वं?" शेजारणींनी विचारले.

"मले काय माहीत, माय? आंधीनं सांगूच दिलं नाही ना!"

त्यानंतर दोन उन्हाळे ती बहीण दारात तशीच उभी राहिली. कुणी म्हणे, भाऊ दार उघडतो. कुणी म्हणे, कडीचा आवाज ऐकूनही तो उठत नाही. गोपिकाबाई स्वतः काहीच म्हणत नसत. पण भाकरी थापताना त्यांचा हात मध्येच थांबे, आणि मला कळे की त्या आता कुठे उभ्या आहेत.

तिसऱ्या उन्हाळ्यात तेच नाटक पुन्हा आले!

घरात दिवाळीच आली जणू. उन्हाळ्यात दिवसा माझ्यावर कुरडया, सरगुंडे अशी वाळवणे पडत, त्यामुळे मी मळले होते. अशा नाटकाला अशी सतरंजी कशी न्यायची? नणंद-भावजयींनी सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात मला बुडवले, मोगरीने बडवले आणि मे महिन्याच्या उन्हात टिनाच्या छपरावर वाळत घातले. मी लखलखीत झाले. मित्रांनो, मी इतकी सुंदर आयुष्यात कधी दिसले नव्हते. आणि इतकी आखूडही!

हे कळले ते थेट मैदानाच्या दारात. तिथला द्वारपाल बळीराम मोठा कडक. आत सोडण्यापूर्वी तो सतरंजी अंथरायला लावी आणि सर्वांना बसवून पाही.

"भाऊ, सात मावले. आठवं माणूस मातीत आहे."

"असं कसं? मागच्या साली आठ मावलो ना गा!"

"मागच्या साली ही सतरंजी होती. आता आसन झालं आहे."

सिंधूताईने गोपिकाबाईंकडे पाहिले. "वयनी, पाणी जास्तच कढलं का वं?"

"तुमीच म्हणल्या ना, आणखी एक घंगाळ ओता!"

मी आटले होते आणि मुले वाढली होती. दोष कुणाचा, हे मला आजही ठरवता येत नाही. मुलांनी माझी दोन टोके धरून मला ओढायला सुरुवात केली. सुरईतले पाणी शिंपडून ओढले. मीही जीव तोडून ताणले गेले, पण हात सुटताच होते तेवढीच झाले. रांगेतले लोक हसत होते. रुपरावांनी खिशात हात घातला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. दुसऱ्या तिकिटापुरते त्यात काही नव्हते.

"मी राहते बाहेर," गोपिकाबाई म्हणाल्या.

"तू काहून? तुलेच तर पाहायचं आहे!"

"पहिले दोन अंक मले पाठ आहेत. तिसऱ्याले तुमी बाहेर या, मी आत येते."

रुपरावांचा चेहरा उजळला. "पक्कं! दुसऱ्या अंकाचा पडदा पडला की मी उठलोच समज."

बळीरामने मान हलवली. "सात आत, एक बाहेर. कोण कवा, ते तुमचं तुमी पाहा."

आम्ही आत गेलो. माझा डावा कोपरा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मुलांच्या पायांखाली होता. बाहेर काय घडले, ते मी नंतर ऐकले. गल्लीत ते इतक्यांदा सांगितले गेले, की आता ते मी पाहिल्यासारखेच झाले आहे.

बळीराम कित्येक वर्षे नाटकाच्या दारात उभा होता, पण त्याने एकही नाटक पाहिले नव्हते. फुकट्यांवर नजर ठेवायची म्हणून त्याचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ रंगमंचाकडे. आतून फक्त टाळ्या ऐकू येत आणि मधूनच एखादा तुटका शब्द. गोपिकाबाई कळशीशेजारी बसल्या. आत टाळी झाली.

"काय झालं असन?" बळीराम स्वतःशीच पुटपुटला.

"बहिणीनं ओवाळणी परत पाठवली," गोपिकाबाई म्हणाल्या.

"काहून?"

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आत जे घडत होते, तेच बाहेर घडू लागले. रस्त्याकडे पाहत बळीराम ऐकत राहिला, आणि दोन फुकटे त्याच्या नाकासमोरून आत शिरले, तरी त्याला पत्ता लागला नाही.

इकडे आत दुसऱ्या अंकाचा पडदा पडला. घंटा झाली. मी वाट पाहू लागले, की आता रुपराव उठतील. ते उठले नाहीत. धाकटा त्यांच्या मांडीवर झोपला होता, त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते पडद्याकडे असे पाहत होते, की जणू जगात दुसरे काही उरलेच नव्हते. त्यांना दोष देऊ नका. चांगल्या नाटकात माणूस स्वतःचे नावही विसरतो. मित्रांनो, त्या क्षणाइतकी मुकेपणाची खंत मला कधी वाटली नाही. एखादा धागा तरी त्यांना टोचावा म्हणून मी धडपडले. पण सोड्याने धुतलेले धागे मऊ झाले होते. तिसरा अंक सुरू झाला.

बाहेर बळीरामने विचारले, "बाई, तुमचे मालक?"

"येतील."

पेटीचे सूर उठले. गोपिकाबाई कळशी धरून उभ्या राहिल्या. "येतील," त्या पुन्हा म्हणाल्या.

"आता ती अंगणात आली असन?" थोड्या वेळाने बळीराम हळूच म्हणाला.

"हो. आता तुळशीपाशी थांबन."

"अन् मंग?"

"मंग दाराकडं जाईन. त्याच्या पुढचं मले नाही माहीत, भाऊ."

बळीरामने रस्त्याकडे पाहिले, गोपिकाबाईंकडे पाहिले, आणि कनातीचे कापड हाताने वर उचलले. "जा बाई. पळा!"

"पण सतरंजीवर जागा..."

"नियमाचं मी पाहतो, तुमी दाराचं पाहा. अन् बाहेर निघाल्या की पयले मले सांगजा, उघडलं का नाही ते!"

गोपिकाबाई कळशी घेऊनच वाकून आत आल्या आणि माझ्या डाव्या कोपऱ्याशी बसल्या. एक गुडघा माझ्यावर, दुसरा सरळ मातीत. त्यांच्या मुठीत माझी दशी होती. रंगमंचावर बहीण तुळशीपासून निघाली. दारापाशी आली. कडीकडे हात गेला. मूठ आवळली, दशी ताणली गेली.

कडी वाजलीच नाही. हात लागताच दार आपोआप मागे सरले. ते नुसते लोटलेले होते.

आतून भाऊ म्हणाला, "ये. पान वाढलंय."

गोपिकाबाईंच्या मुठीत माझी दशी तुटून आली. मला मुळीच दुखले नाही. त्याच वेळी रुपरावांनी डोळे पुसत वळून पाहिले, आणि आपली पत्नी मातीत बसलेली त्यांना दिसली. धाकट्याला बाजूला ठेवून ते इतक्या घाईने उठले, की कळशी कलंडली आणि सगळे पन्हे माझ्या मधोमध सांडले. गोपिकाबाईंना दंडाला धरून त्यांनी मधे बसवले, आणि स्वतः काठावर, मातीत पाय सोडून बसले. दारातून बळीरामने ते पाहिले असणार. पण न पाहिल्यासारखे करून तो पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला होता.

बाहेर पडताच गोपिकाबाई त्याच्याकडे धावल्या. "लोटलेलंच होतं, भाऊ! कडी लागलीच नव्हती!"

"लोटलेलं?" बळीराम थक्क झाला. "हात्तिच्या! मंग एवढे वर्सं दोघंई काय करून राहिले होते?"

पुढे काळ बदलला. मैदानावरची जमिनीची जागा गेली, साऱ्या खुर्च्याच झाल्या. मग घरात दूरदर्शनची पेटी आली, आणि मला कपाटावर टाकून दिले गेले. तिथे मी बरीच वर्षे धूळ खात पडले. उंदरांनी माझ्या कडा कुरतडल्या. कपाटावरून फक्त छत दिसते, आणि छतावर कुणी नाटक करत नाही. मग एका सुट्टीत शोभाची मुले आजोळी आली आणि त्यांनी मला खाली ओढले. हो, ती मुले म्हणजे तुम्हीच!

तुम्ही माझ्यावर बसता आणि आजीला म्हणता, "आजी, ते दाराचं सांग ना." गोपिकाबाई सांगू लागतात. त्या नेहमी मधोमध बसतात, थेट पन्ह्याच्या डागावर. काठावर आजोबा बसतात, एक पाय फरशीवर सोडून. जागा कितीही मोकळी असली, तरी ते आत सरकत नाहीत. आता तुम्हाला त्याचे कारण कळले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला धुवाल तेव्हा गार पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. आता मी आणखी आटले तर पत्त्यांचा डावही मावायचा नाही. आणि कुठेही सतरंजी अंथराल तेव्हा आधी पाहा, की आपल्यात सगळ्यांच्या शेवटी, उरलेल्या जागेवर कोण बसते. त्या माणसाला पहिल्यांदा हाताला धरून मधे बसवा. मग तुम्ही बसा. काठावर कुणाचा पाय मातीला लागलाच, तर माझी काही हरकत नाही.