कोऱ्या कागदांचा स्कॅनबाबा

रविवारी चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या दोनशे, माणसं साडेतीनशे. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर स्कॅन सेंटरचं पाकीट. समोर मोठा पडदा, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे स्कॅनबाबा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पांढरा रुमाल.

"ताई, सीडी द्या."

सीडी आत गेली. पडद्यावर काळंपांढरं पोट उमटलं, उजव्या किडनीवर लिंबाएवढा गोळा. हॉलभर 'अगंबाई' झालं.

"हा रोग. बघून घ्या, शेवटचाच."

बाबाने सीडीवरच्या फाइली लॅपटॉपवर उतरवल्या. सीडी बाहेर काढली, रुमालाने तीनदा पुसली, डोळे मिटून पुटपुटला. मग लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं. पडदाभर पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या कागदांच्या रांगा! एका कागदावर टकटक केलं. पोट नाही, किडनी नाही, गोळा नाही. उलट कॉम्प्युटरच विचारायला लागला, ही फाइल कशात उघडू?

"ऐकलंत? यंत्र मला विचारतंय, बाबा, दाखवू काय? अरे वेड्या, दाखवायला उरलंय काय!"

टाळ्यांचा कडकडाट. लोक रडत होते. समोर उभी राहून रडणारी ती ताई म्हणजे माझी मावशी.

मावशी शिवणकाम करते. तिच्या दुकानाला लागूनच माझं दुकान, टायपिंग आणि प्रिंटचं. मी कुठल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो नाही. लोकांच्या बिघडलेल्या फाइली उघडता उघडता शिकलो. आणि एक सांगून टाकतो, कारण लपवून उपयोग नाही. स्कॅनबाबाची पत्रकं मीच छापली होती. त्याच्या हसऱ्या थोबाडासकट. तेव्हा वाटलं, आपलं काय जातंय?

मावशी जात होती, हे नंतर कळलं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "गाठ अजून किडनीच्या आतच आहे. आत्ता काढली तर सुटलात. थांबलात तर पसरेल." ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. सोमवारी सकाळी मावशी माझ्या टेबलावर सीडी टाकून म्हणाली, "घे. कोरी झालीय. पोरांना खेळायला दे. आणि दवाखान्यात फोन करून सांग, येत नाही म्हणून."

"मावशी, अगं पण..."

"पणबिण नाही. डोळ्यांनी बघितलंय मी. तूही बघितलंस की!"

बघितलं होतंच. ती गेल्यावर मी सीडी लावली आणि बाबासारखंच केलं, फाइली उतरवून घेतल्या. तेच पांढरे कागद. आता असे कागद माझ्याकडे रोज येतात. फाइलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं, टिंब आणि तीन-चार अक्षरं. ते बघून कॉम्प्युटरला कळतं की हा फोटो, हे गाणं, हे पत्र. शेपूट नसलं की तो गडबडतो आणि कोरा कागद दाखवतो. आतलं सगळं जागच्या जागी असतं. बाबाने पुसलं काही नव्हतंच, ह्या फाइली स्कॅन सेंटरमधून येतात त्याच बिनशेपटाच्या.

मग आत काय आहे ते ओळखायचं कसं? साध्या नोटपॅडमध्ये उघडायची. कचरा दिसतो, पण कचऱ्याच्या तोंडाशी सही असते. फोटोत बहुतेक वेळा JFIF, पीडीएफमध्ये PDF. मावशीच्या फाइलमध्ये सुरुवातीला थोडी मोकळी जागा आणि मग चार अक्षरं, DICM. म्हणजे दवाखान्याचं चित्र. ते बघायचा प्रोग्राम वेगळा असतो. तो त्याच सीडीवर होता. बाबाने पहिल्यांदा त्यातूनच गोळा दाखवला आणि दुसऱ्यांदा तो सोडून नुसत्या फाइलवर टकटक केलं.

एवढीच सिद्धी. रुमाल फुकट मळवला.

तो प्रोग्राम लावला. गोळा जसाच्या तसा.

मावशीला सांगायला गेलो तर तिने कात्री खाली ठेवली. "तुझ्या डब्यात दिसतो, बाबांच्या डब्यात दिसत नाही. मी कुणाचं ऐकू? तुझं? तू तर त्यांची पत्रकं छापतोस."

मंगळवारी परत हॉल भरला. मी मावशीला घेऊन पहिल्या रांगेत. नंबर आला तेव्हा पेन ड्राइव्ह पुढे केला.

"बाबा, माझा मित्र लांब राहतो. त्याने नुसती फाइल पाठवलीय. लांबून पुसता येईल का?"

"बाळा, अंतर माणसाला असतं, आम्हाला नाही." रुमाल, पुटपुट, टकटक. पडद्यावर एकच कोरा कागद. "गेला! मुळासकट गेला! नावनिशाणी नाही राहिली!"

"नक्की गेला?"

"लिहून घे! ह्या कागदात आता काहीही नाही!"

टाळ्या थांबायच्या आत मी माऊस घेतला. "फक्त नावाला शेपूट लावतो हं," म्हणत फाइलच्या नावापुढे टिंब आणि फोटोचं जेपीजी टाइप केलं. टकटक.

पडदाभर स्कॅनबाबा हसत होता. पत्रकावरचाच फोटो. मीच काल शेपूट कापून आणला होता.

मग मागून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "अगंबाई, बाबांनी स्वतःलाच पुसलं की!"

हॉल फुटला.

"ही यंत्राची लबाडी आहे!" बाबा ओरडला.

"मग परवा यंत्र खरं बोलत होतं का?" असं मी नाही विचारलं. मावशीने विचारलं. ती उठून टेबलापाशी आली होती. "हो बाजूला. आणि तू, माझी सीडी लाव. नीट लाव."

मी प्रोग्रामसकट लावली. पोट, किडनी, गोळा. बाबा लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

मावशीने पडद्यावरचा गोळा नीट बघून घेतला. मग माझ्याकडे वळली. "दोन दिवस मला गाठ नव्हती रे. शांत झोपले होते. तू परत आणून दिलीस."

मी सीडी काढून पाकिटात घातली.

जिन्यात ती मध्येच थांबली. "म्हणजे कापलेल्या तुकड्यावर खडूने 'बाही' लिहायचं राहिलं, असंच ना? लिहिलं नसलं तरी गोलाई बघून मला कळतं की बाही आहे. बाहीचा काही रुमाल होत नाही."

"तसंच गं, मावशी."

"मग काल हे माझ्या डोक्यात का नाही आलं?"

कारण काल तिला ते नको होतं. आणि स्कॅनबाबाचा धंदा चालतो तो ह्या नको असण्यावर. तेव्हा पाकीट मांडीवर घेऊन बसलेल्यांनो, एवढंच करा. कोरा कागद दिसला की टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, हे उघडतं कशात? ज्याला ते वाचता येतं त्याच्याकडे न्या. आणि आपलं काय जातंय म्हणून पत्रकं छापणाऱ्या माझ्यासारख्यांनो, आधी वाचा, मग छापा.

खाली रस्त्यावर आल्यावर मावशीने पिशवी माझ्या हातात दिली.

"दवाखान्यात फोन केला होतास का, येत नाही म्हणून?"

"नाही केला."

"गधड्या," ती म्हणाली, "गुरुवारी किती वाजता जायचंय?"