शिवाच्या डोक्याचा नारळ

...शेंडी तेवढी दिराने, भाईंनी, ठेवली होती. बाकी सगळा सोलून, घासून गुळगुळीत केलेला नारळ कोनाड्यात बसवला होता आणि शेंडीच्या आडून त्याचे तिन्ही डोळे थेट चुलीकडे, म्हणजे सुभद्रेकडे, रोखलेले होते. सकाळी वाटपासाठी तिने हात घातला तर जाऊ ओरडली, "तो नुको गो वयनी, तो शिवाचो!"

शिवाचा म्हणजे तिच्या लेकाच्या, शिवाच्या डोक्याचा. पळसाच्या पानांचं अंग, दर्भाचे हातपाय, डोक्याच्या जागी हा नारळ. मग मंत्र, मग अग्नी. समुद्रात गेलेल्या, प्रेत न मिळालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग असा पुतळा जाळून त्याला मोकळं करायचं. रीतच आहे. रीतीला काय, तिला कुठे बाळंत व्हावं लागतं!

"वयनी," देवळातून मारुतीच्या जन्माचा सुंठवडा घेऊन आलेले भाई उंबऱ्यातूनच म्हणाले होते, "दुपारी भटजी येतले, दिवस ठरवूक. तुमी घरात रवा. आवशीन हो म्हटल्याशिवाय ते हात लावचे नाय."

दीर वाईट नव्हता, भ्यालेला होता. मुली लग्नाच्या, आणि वाडीत कुणाचं वासरू मेलं तरी लोक म्हणत, सुभद्रेचा झील अडकलाय... अडकू दे. मी काय म्हणून हो म्हणू? रेडीच्या पुढे शिवाचं गलबत फुटलं तेव्हा कुणी मला विचारलं होतं? आणि आजच बरी दुपार सापडली यांना, वर्षातून एकदा येणारी, माझी...

जेवणं झाली, घर आडवं झालं. सुभद्रेने नारळ पिशवीत घातला आणि मागच्या दाराने निघाली. घराभोवती एवढे माड. भाई दुसरा सोलतील, हे तिलाही कळत होतं. कळेना का!

ख्रिस्तांवांच्या वाड्यातल्या शाळेत दर गुड फ्रायडेला पाद्री तोच पिक्चर दाखवीत. खिडक्यांना गोणपाटं, बाहेर इंजिनाची धडधड, आणि खोलीच्या मधोमध मचव्याचं शीड पाणी मारून ताणलेलं. पुढून पुरुष बघत, मागून बायका. ओल्या कापडातून चित्र पलीकडे उतरे, फक्त आरशातल्यासारखं उलटं. मासळी विकणाऱ्या कातरीनने पहिल्या वर्षी तिला ओढून आणलं होतं — रडत बसण्यापेक्षा चल म्हणून — आणि मग ती आपली आपणच येऊ लागली. बाटणार, असं जाऊ म्हणे. बाटवायला देव स्वतः आला तर बघू; त्याच्याशीही बोलायचं आहेच.

आज उशीर झाला होता. शिडामागे मुंगीला वाव नव्हता. सुभद्रा सरळ पुढे गेली आणि पुरुषांच्या बाकावर टेकली.

"गो, थंय बापये आसत!" कातरीन शिडाच्या कडेने कुजबुजली.

"आसांदेत. माका खातले काय?"

दोघे-तिघे सरकले. पडद्यावर तो पाण्यावरून चालत होता. इथे तिला दर वर्षी संताप यायचा. सकाळचा तो मारुती, त्याने समुद्र एका उडीत ओलांडला. हा त्याच्यावरून चालत जातो... माझा शिवा नुसता खलाशी होता. खलाशाला कोण उचलतो? तेवढं सोडलं तर तिला कशाशी देणंघेणं नव्हतं, आंधळ्यांशी नाही, भाकरींशी नाही. ती येई ती शेवटासाठी. त्याला क्रुसावरून खाली उतरवतात, त्याची आई मातीत बसते आणि लेकाला मांडीवर घेते. इतका मोठा लेक, हातपाय लोंबतात, पण घेते. मिळाला तिला. तिला तो मिळाला!... आणि मिळूनही बाईला धरता येत नाही, याचा सुभद्रेला दर वर्षी राग येई. डोकं उजव्या हातावर. कुठली आई अशी धरते? डाव्या हातावर घे गो बाये, ती शिडामागे पुटपुटायची, शिवा डाव्या हातावरच झोपायचा...

आई मातीत बसली. हात पसरले. डोकं आलं ते डाव्या कोपरात.

सुभद्रा बाकावरून पुढे वाकली. म्हणजे तुला येत होतं. इतकी वर्षं तू बरोबरच धरलं होतंस, मीच मागून बघत होते. तिने त्या आईच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या. पिशवी कधी गळून पडली होती कोण जाणे; नारळ तिच्या डाव्या कोपरात होता, शेंडी दंडाला टोचत होती, आणि ती बोटांनी ती शेंडी मागे सारीत होती — कपाळावरची झुलपं सारावी तशी. रडू आलं. पुरुषांच्या बाकावर बसून ती मोठ्याने रडली, आणि कुणाचीही लाज वाटली नाही.

बाहेर अजून ऊन होतं. कातरीनने हात पुढे केला. "दी हडे, जड लागात तुका."

"नुको. रवांदे."

ती एकटीच वाळूतून निघाली. ओटीवर भटजी असतील, किंवा वाट बघून गेले असतील. भाई दारात उभे असतील. असू देत. आता हो नाही आणि नाहीही नाही. करा तुमचा पुतळा, पानं मीच खुडून आणीन... पण जाळायच्या आधी तो माझ्या मांडीवर द्यायचा. बायकांनी शिवायचं नसतं, भटजी म्हणतील. म्हणू देत. माझं धरून होईपर्यंत कुणी मंत्र म्हणायचा नाही, आणि किती वेळ धरायचं ते मी ठरवीन.

हाताला रग लागली होती. तिने हात बदलला नाही.