अनिताताईंची मान

“झोपा ना ताई,” किमयाने टेबलावरची चादर ओढून सरळ केली.

अनिता चप्पल काढून आडवी झाली आणि मनातल्या मनात मालूमावशीला शिव्या घालत राहिली. खरं तर आज इथे झोपायची होती मिठागरावरची बायजा. पण धरमतरला उधाणाचं पाणी बांधावर चढलं. माती टाकायला सगळा गाव धावला, बायजाही धावली. दिनानाथ डॉक्टर किमयाचं प्रात्यक्षिक बघायला खुर्ची टाकून बसलेले. पेशंट नाही म्हटल्यावर ही मालूमावशी, इथली आया, पचकली, “आपल्या अनिताताईंची मान धरलीय ना पावसाळ्यापासून. डावीकडं वलतच नाय.”

पेणच्या या इस्पितळात फिजिओथेरपीची खोली उभी केली ती अनिताने. मेणाचं भांडं, शेकाचं यंत्र, मान ताणायचा पट्टा, सगळं तिच्या हातचं. आणि यंत्राशिवाय, नुसत्या हातांनी सांधे मोकळे करण्याच्या मुंबईच्या कोर्सला डॉक्टरांनी पाठवलं कोणाला? रोह्याहून रोज गाडीने येणाऱ्या या किमयाला, कालच्या पोरीला! जागा एकच होती म्हणे. तेव्हापासून पेशंट दारातूनच विचारायचे, “त्या रोह्याच्या म्याडम हायत का?” अनिताच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

किमयाने तिचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं. बोटं मणक्यांवरून हळूहळू उतरली आणि नेमकी तिथेच थांबली.

“इथं ना ताई?”

“हं.”

झटका नाही, काही नाही. हलका दाब, पुन्हा दाब. मग आत काहीतरी सैल झालं आणि इतके महिने खांद्यापर्यंत उतरणारी कळ गेली. साफ गेली. अनिताला रडूच आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मेली शिकून आली खरी!

“काय वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

किमया श्वास रोखून उभी. अनिता उठून बसली. मान डावीकडे नेता नेता अर्ध्यातच थांबली आणि तिने तोंड वाकडं केलं.

“होती तश्शीच आहे, सर.”

किमयाचा चेहरा उतरला. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” ती म्हणाली.

अनिताला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

“मग राहू दे,” डॉक्टर उठले. “कोर्सहून आल्यापासून हिने डोकं खाल्लंय माझं. पुढच्या बॅचला ताईंना पाठवा म्हणते, हक्क त्यांचा आहे. म्हटलं, आधी उपयोग बघू. आता ट्रस्टकडे कुठल्या तोंडाने शब्द टाकू?”

“सर...” अनिता म्हणाली.

डॉक्टर दारात थांबले. ती वाकून पायानेच चप्पल शोधू लागली. ते वाट बघून निघून गेले.

संध्याकाळी ती फाटकाबाहेर रिक्षासाठी उभी होती. डाव्या अंगाने हाक आली.

“अनिताताई!”

अनिता गर्रकन वळली. पाय जागच्या जागी, मान तेवढी पार खांद्यापर्यंत.

किमया तिचा विसरलेला डबा घेऊन आली होती. चालता चालता थांबली. तिने त्या मानेकडे पाहिलं, नीट, पेशंटची बघतात तसं. अनिताला मान परत फिरवायचंही सुचेना.

किमयाने डबा तिच्या हातात दिला.

“उशी पातळच घ्या ताई,” ती म्हणाली. “नाहीतर परत धरेल.”

आणि रोह्याची गाडी गाठायला ती भराभर चालू लागली.