बंद म्हणजे चालू

दाराची बेल बिघडली म्हणून मी वायरमनला फोन केला, तर समोरच्या काकू जिन्यातच म्हणाल्या, "अगं, तू इंजिनियर ना? मग?"

तो 'मग' मला चांगलाच झोंबला. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. दवाखान्यात कुठला डॉक्टर कुठल्या खोलीत बसणार, कुठलं औषध संपत आलंय, हे माझे प्रोग्रॅम सांगतात. पण बटण दाबल्यावर बेल का वाजते हे कुणी विचारलं असतं तर माझी ततपप झाली असती. काकूंवर चिडण्यात काही अर्थ नव्हता, तरी पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी तुटकच बोलले.

मग ठरवलं, मुळापासून शिकायचं. जेवणाच्या टेबलावर सेल, छोटे दिवे, तारा आणि बटणं मांडली. नवरा म्हणाला, "आपण जेवायचं कुठे, तेही लिहून ठेव." जे समजेल त्याची मी मराठीत टिपणं काढत होते. इंग्रजीत लिहिलं की समजल्यासारखं वाटतं. मराठीत लिहायला बसलं की काय समजलेलं नाही ते कळतं. इस्त्री तापली की आपोआप का थांबते, हे लिहिलं. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे बघायला फोन आत ठेवून चित्रण केलं, आणि फोन इतका गारठला की नवऱ्यानं हात जोडले. संगणक म्हणजे एकमेकांना दाबणारी असंख्य बटणं, एवढं पटेपर्यंत डोकं पार भंजाळलं, पण मजा येत होती.

आणि अगदी सुरुवातीच्या पानाशी परत आले तेव्हा एका शब्दापाशी गाडी अडली. नळ बंद केला की पाणी थांबतं. दिवा बंद केला की उजेड जातो. पण वीज ज्या वाटोळ्या रस्त्यानं फिरते, तो रस्ता बंद केला की वीज थांबत नाही, उलट वाहायला लागते. कारण तिथे बंद म्हणजे 'कुठेही न तुटलेला'. शाळेत मी 'बंद परिपथ' घोकून मार्क मिळवले होते, आणि घरी 'दिवा बंद कर' ऐकत वाढले होते. हे दोन बंद माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. माझं टिपण वाचणारा माणूस इथे हमखास घसरणार. दुसरा शब्द हवा होता, आणि शब्द हवा असला की मी बाबांकडे जाते.

बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना पानभर अंतरावरून दिसते. ते आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहतात. पण अलीकडे त्यांच्याकडे जायचं म्हटलं की मी काही ना काही काम काढून बसायचे. ते विसरायला लागले होते.

निदान आम्हाला तसं वाटत होतं. दादा दूरच्या शहरात असतो आणि लांबून काळजी जरा जास्तच वाटते. मागच्या भेटीत त्यानं बाबांच्या विजेच्या शेगडीला एक डबी बसवली. शेगडीचं भिंतीवरचं बटण चालू आहे की बंद, यावर ती डबी लक्ष ठेवते. बाबा बाहेर पडले (हे तिला त्यांच्या खिशातल्या फोनवरून कळतं) आणि शेगडी चालू राहिली असेल, तर डबी आतल्या आत वीज तोडते आणि आम्हा तिघांच्या फोनवर निरोप धाडते: 'शेगडी चालू राहिली होती. वीज तोडली.' बाबा घरी परतले की वीज पुन्हा जोडते. सुरुवातीचे काही आठवडे सगळं शांत होतं. मग एक निरोप आला. दादानं बाबांना फोनवर समजावलं. पुढच्या आठवड्यात परत आला. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा, आणि शेवटी तर बाबा उंबऱ्याबाहेर पडले की निरोप आलाच म्हणून समजायचं. दादा मला फोन करून म्हणायचा, "अगं, एक दिवस घर पेटेल." डॉक्टरांची वेळ घेतली गेली. बाबांनी दादाकडे कायमचं राहायला जायचं, असंही ठरलं. बाबांनी मान डोलावली, एका शब्दानंही वाद घातला नाही. सगळ्यात जास्त भीती मला त्या मान डोलावण्याची वाटली. हा माणूस स्वल्पविरामासाठी तासभर भांडतो.

त्या रविवारी सकाळी मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. बाबा स्वयंपाकघरात शेगडीसमोर उभे होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "बंद केली. मी बंद केली. आत्ता केली."

मला बघून ते ओशाळले. "मोठ्यानं म्हणून ठेवतो," ते म्हणाले. "म्हणजे लक्षात राहतं. पण काही उपयोग नाही गं, खटपटे. कालही म्हटलं होतं. स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी निरोप आलाच."

डोळे भरून आले ते लपवायला मी ओट्याकडे वळले आणि उगाच पेले विसळायला लागले. बाबाच मग माझी समजूत काढायला लागले.

"एका अर्थी बरंच आहे. यंत्र आहे तर निभावतंय. आणि काय हुशार यंत्र आहे! मी परत येऊन बघतो ना, तर भिंतीवरचं बटणसुद्धा वर केलेलं असतं. नीट बंद. मी खाली ठेवून गेलेलं, आणि ते वर."

पेला माझ्या हातात तसाच राहिला.

"बाबा, परत सांगा. बटण वर असतं?"

"असतं की. दर वेळी."

"एकदाही खाली नव्हतं?"

"एकदाही नाही. म्हणून तर म्हणतो, हुशार आहे."

"बाबा, त्या डबीला हात नाहीत!"

मी पेला ठेवला, ओले हात तसेच ओढणीला पुसले आणि त्यांना भिंतीजवळ ओढत नेलं. "ही डबी वीज तोडते ती आतल्या आत. भिंतीवरचं बटण तिला हलवता येत नाही. तुम्ही बटण खाली ठेवून गेला असतात, तर परत येईपर्यंत ते खालीच राहिलं असतं. ते वर होतं, म्हणजे ते वर कुणी केलं?"

बाबांनी बटणाला बोट लावून बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

त्यांनी लगेच आनंद वगैरे दाखवला नाही. जन्मभराची सवय, दोनदा तपासल्याशिवाय ते कुठलंच पान सोडत नाहीत. "मग निरोप का येतो?" त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न बरोबरच होता.

मी फोनवर डबीचं ॲप उघडलं. दादानं बाबांसाठी म्हणून ते मराठीत ठेवलं होतं. ती डबी मुळात दारंखिडक्यांसाठी बनवलेली, दुसऱ्या कशालाही लावता यावी म्हणून तिला आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पडद्यावर लिहिलं होतं, 'संपर्क बंद असल्यास', आणि त्यापुढे दादानं निवडलं होतं, 'शेगडी बंद'. खाली, 'संपर्क खुला असल्यास', आणि पुढे, 'शेगडी चालू'.

ज्या शब्दावर अडून मी इथे आले होते, तोच शब्द इथे ठाण मांडून बसला होता.

"हा संपर्क म्हणजे बटणाच्या आतले धातूचे दोन तुकडे," मी बाबांना सांगितलं. "ते चिकटले की संपर्क बंद, म्हणजे रस्ता पूर्ण, म्हणजे वीज चालू. दादानं वाचलं बंद, आणि निवडलं बंद. कुणीही तेच निवडलं असतं. म्हणजे तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत की या डबीला वाटतं, शेगडी चालू!"

"पण पहिले काही आठवडे ती गप्प होती."

"तेव्हा तुम्ही जाताना काय करायचात?"

बाबांनी आठवून बघितलं. "शेगडीवरची खुंटी फिरवायचो. भिंतीवरच्या बटणाला कोण हात लावतं? एकदा दिवसभर बाहेर जायचं होतं म्हणून तेही बंद केलं, आणि..." ते थांबले.

"आणि पहिला निरोप आला. दादा ओरडला. मग तुम्ही काळजी घ्यायला लागलात. भिंतीवरचं बटण आठवणीनं बंद करायला लागलात. जितकी जास्त काळजी, तितके जास्त निरोप."

मला एकदम हसू यायला लागलं, आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. कारण ते खरंच कधी बटण चालू ठेवून गेले असते, तर ही डबी मजेत गप्प बसली असती.

बाबांनी चष्मा पुसला, फोन नाकाशी धरला आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. "शब्द बरोबर आहे," ते म्हणाले, "जागा चुकली आहे. असली चूक सगळ्यात वाईट. ती कुणाला दिसतच नाही." मग डबीकडे बोट करून म्हणाले, "आणि शेगडी नाही, ही बयाच चालू निघाली!"

मी निवड उलटी केली. आता तपासणं आलं. बाबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, तोंडानं काही न म्हणता, आणि आम्ही दार ओढून घेऊन जिना उतरलो. कोपऱ्यावर जाऊन दोघंही फोन हातात धरून उभे राहिलो. जाणारे-येणारे आमच्याकडे बघत होते. एक बाई तर काय झालंय म्हणून थांबल्या. काही झालं नाही. काहीच आलं नाही. बाबा म्हणाले, "अजून थोडं थांबू," म्हणून अजून थांबलो. तरी काही आलं नाही. मग परत वर जाऊन बटण मुद्दाम चालू ठेवलं आणि खाली उतरलो, तर फाटक ओलांडायच्या आत दोघांचे फोन एकदम किणकिणले. तो निरोप बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल. माझा जीव भांड्यात पडला.

वर येताना बाबा मधल्याच पायरीवर बसले. मला वाटलं, दमले.

"मी रोज सकाळी उठून आधी तुमची नावं म्हणायचो," ते म्हणाले. "तुझं, दादाचं, तुमच्या आईचं. म्हणजे आज किती शिल्लक आहे ते कळायचं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. आता रडू लपवायचं काही कारण नव्हतं. तेही रडले, आणि मग डोळे पुसून म्हणाले, "चल, जिन्यात तमाशा नको."

तेवढ्यात दादाचाच फोन आला. त्यालाही निरोप गेला होता, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तो नेहमीसारखा सुरू झाला, "आज पुन्हा..." मी त्याला मध्येच तोडलं आणि सगळं सांगितलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे जेवढे निरोप आले..."

"तेवढ्या वेळा बाबांनी आठवणीनं बटण बंद केलं होतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. माझा दादा, जो आई गेली तेव्हाही सगळ्यांसमोर कोरडा राहिला होता. "बाबांना दे," तो म्हणाला.

मी फोन बाबांकडे दिला. "हं," बाबा म्हणाले. "नाही रे, तुझी कसली चूक? ...हो, डॉक्टरांकडे जाऊ, गुडघा दाखवायचाच आहे. ...खोली रंगवून घेतलीस? अरे, मग येतो ना. ठरलंय तर येणारच." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात तो जुना, भांडायला तयार असलेला सूर आला.

"पण आधी परतीचं तिकीट काढ. जायचं मग बघू."