मुहूर्ताचा फोन मी गेटवर पाठवला

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोनची पेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी खुनशी आहे. आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमणार नाही. ज्यांच्यावर डूख धरला त्यांच्यावर तो अजून आहे. फक्त त्या यादीत आता माझंही नाव आलं आहे, आणि ते कसं आलं तेच तुम्हाला सांगायचं आहे.

टेलिफोनची पेटी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल. मोठ्या ऑफिसात बाहेरचा नंबर एक आणि माणसं वीस. बाहेरून फोन आला की तो आधी माझ्यात यायचा आणि मग ऑपरेटरबाई माझं बटण दाबून तो हव्या त्या टेबलावर द्यायच्या. भिंतीवरची पांढरी पेटी मी, आणि बाईंच्या पुढ्यातला बटणांचा फोन तोही मीच.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमधून मी सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात भिंतीवर चढले. आज तुमच्या अंगात जो निळा शर्ट आहे ना, तो कदाचित आमच्याकडचाच असेल. मे महिन्यात बाहेर ऊन भाजून काढायचं आणि आत माझी घंटा थांबायची नाही. बार्शीच्या मुख्याध्यापिका, कुर्डुवाडीचे कापडवाले, सगळ्यांना शाळा उघडायच्या आत कपडे हवेत. एक फोन मी कधी चुकवला नाही. मालक गुरुबसप्पा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या पेटीचा आवाज बघा, घंटेसारखा खणखणीत."

माझ्या ऑपरेटरबाई म्हणजे सुकन्याताई. सोळा वर्षं आम्ही दोघींनी एका टेबलावर काढली. अक्कलकोटचा फोन आला की त्या "हेळ्री", म्हणजे "बोला", म्हणून कन्नडमध्ये सुरू व्हायच्या, शिलाईवाल्या पद्मशाली बायकांचा आला की तेच तेलुगूत, "चेप्पंडी". माणसाचा श्वास ऐकून त्या ओळखायच्या की कोण बोलतंय. रोज सकाळी आल्या की जुन्या शर्टाच्या तुकड्यानं मला पुसायच्या. रोज संध्याकाळी निघताना माझं लाल बटण दाबून जायच्या. ते दाबलं की माझ्यावरचा लाल दिवा लागायचा, आणि बाहेरून येणारे सगळे फोन गेटवरच्या वॉचमनच्या खोलीत वाजायचे. त्या बटणाला दुसरं कुणी हात लावत नसे. ऑफिसात मला सगळे पेटी म्हणायचे. त्या एकट्या "माझी पेटी" म्हणायच्या.

मग मॅनेजर म्हणून पृथ्वीराज आला. केस चापूनचोपून बसवलेले, सतत घाईत. त्यानं पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे भंगार अजून चालतंय?" भंगार! अरे मेल्या, तू शाळेत पाटी-दप्तर विसरत होतास तेव्हापासून मी काम करते आहे. त्या दिवशी मी मनात पहिली गाठ मारली.

महिनाभरात गुरुशांत नावाचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. इंटरनेटवर चालणारा फोन बसवायचा होता. त्यानं छतालगत निळी केबल फिरवली, प्रत्येक टेबलावर छोटा पडदा असलेला नवा फोन ठेवला, आणि माझ्या शेजारी, माझ्याच भिंतीवर, लुकलुकत्या दिव्यांचा एक काळा डबा ठोकला. माझ्या निम्म्या उंचीचा तो डबा! म्हणे मालक पुण्यात असले तरी ऑफिसचा फोन त्यांच्या मोबाइलवर वाजेल. म्हणे फोन आला की यंत्रच बोलेल, "ऑर्डरसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा." पृथ्वीराज हरखून गेला. तो मालकांना म्हणाला, "साहेब, आता ऑपरेटरची गरजच नाही."

सुकन्याताई तिथंच बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, आणि धाकट्या बहिणीचं, चंद्रिकाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. मी तर रागानं आतून धुमसत होते.

पण मालक जुन्या वळणाचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "हे बघ सुकन्या, पृथ्वीराज काय बी म्हणू दे. यंत्राचं बोलणं सगळ्यांना कळत न्हाई. ज्यांना कळंना त्यांचे फोन तू घ्यायचे. सोमवारी यंत्राचा मुहूर्त नीट पार पडू दे, तू हितंच राहशील. पण काय गडबड झाली तर मग माझं बी त्याच्यापुढं चालायचं न्हाई."

"गडबड कशाला हुईल मालक? मी हाय की," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पुन्हा खुलला.

मित्रांनो, हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. नंतर मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आणि मग ती गोष्ट घडली. यंत्राच्या तोंडी घालायला एक आवाज हवा होता. गुरुशांत म्हणाला, "ताई, तुमच्यापेक्षा चांगला आवाज कुटं शोधू?" आणि ताई लाजल्या, घसा खाकरून बसल्या, आणि त्या काळ्या डब्यासाठी बोलल्या. "नमस्कार. आपलं स्वागत आहे. मराठीसाठी एक दाबा." मग कन्नडमध्ये. मग तेलुगूत. तो आवाज माझा होता हो! सोळा वर्षं माझ्यातून गेलेला आवाज त्यांनी हसत हसत त्या कार्ट्याला देऊन टाकला. माझा असा जळफळाट झाला की सांगता सोय नाही. त्या क्षणी मी ठरवलं, उट्टं काढायचंच.

संधी मालकांनीच आणून दिली. गुरुशांतचा बेत असा होता की मला रविवारीच उतरवायचं आणि नव्या नंबरावरून सगळं सुरू करायचं. मालक ऐकेनात. "पहिला फोन आमच्या अप्पांच्या जुन्या नंबरावरच आला पायजे. आणि तो मडिवाळप्पांचाच." मडिवाळप्पा म्हणजे अक्कलकोटचे म्हातारे व्यापारी, मालकांच्या वडिलांचे पहिले गिऱ्हाईक. त्यांचा आशीर्वाद घेऊनच यंत्र चालू करायचं असा मालकांचा हट्ट होता. गुरुशांत डोकं खाजवत राहिला, कारण जुना नंबर अजून माझ्याच तारेवर होता. शेवटी त्यानं एक वायर काढून मला त्या डब्याला जोडलं. म्हणजे फोन माझ्यात येणार आणि मी तो त्या डब्याच्या हाती द्यायचा. मी! माझ्या हातानं!

सोमवारी डब्याला विभूती लावली, बेल वाहिला, नारळ फोडला. मला कुणी कुंकवाचं बोटसुद्धा लावलं नाही. दोन व्यापारी आणि एका शाळेच्या मुख्याध्यापिका पाहुणे म्हणून आले होते. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा. सगळे हात जोडून डब्याकडे बघत उभे राहिले आणि बरोबर वेळेवर मडिवाळप्पांचा फोन माझ्यात आला.

ताईंची आठवण मला आली का? खरं सांगते, आली. पण मनात म्हटलं, भोगू दे तिलाही जरा. आवाज देताना माझा विचार केला होता का तिनं? आणि मी लाल बटण आतून ओढून घेतलं.

डबा मुका राहिला. तिकडे गेटवर खणखणाट झाला. वॉचमन धोंडीरामानं फोन उचलला. "हालो, कोन? मालक व्हय? मालक तकडं पूजंला बसल्यात. हितं म्या हाय धोंडीराम. आशीर्वाद? द्या की, लई उपकार हुतील."

पाच मिनिटं सगळे तसेच हात जोडून उभे. मग मालकांचा मोबाइल वाजला, आणि मडिवाळप्पा इतक्या मोठ्यानं बोलत होते की सगळ्यांना ऐकू गेलं. "अरे गुरुबसप्पा, मी मुहूर्तावर आशीर्वाद दिला तो तुझ्या वॉचमननं घेतला की रे!" पाहुणे हसले. मालकांचं तोंड काळवंडलं. पृथ्वीराजाला घाम फुटला. वा! काय सांगू, मित्रांनो, इतकं गार वाटलं मला.

गुरुशांत धावत माझ्याकडे आला आणि त्याला लाल दिवा दिसला. पृथ्वीराज ओरडला, "हे बटण कुणी दाबलं?" सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. दुसरं कुणाकडे बघणार?

"मी न्हाई दाबलं," ताई म्हणाल्या. "देवाशपथ."

गुरुशांत भला माणूस. तो लगेच म्हणाला, "साहेब, जुनी पेटी हाय. आत गंज धरला असंल, आपोआप बटण लागलं असंल. हुतंय असं." त्यानं ताईंसाठी सुटकेचं दार उघडून ठेवलं होतं. त्यांनी नुसतं "व्हय, तसंच असंल" म्हणायचं होतं.

आणि ती वेडी बाई माझ्यासाठी भांडायला उभी राहिली! "काय तर बोलू नका. माझी पेटी आपोआप काय बी करत न्हाई. सोळा वर्षांत एकदा बी न्हाई. थांबा, दाखवते." अगं गप्प बस की! मी आतून ओरडत होते. त्यांनी बटण सोडवलं, स्वतःच्या मोबाइलवरून जुना नंबर लावला आणि माझा फोन कानाला लावला. आता मला खरखरायचं होतं. नुसतं एकदा खरखरले असते तर त्या सुटल्या असत्या. मी सगळा जीव लावला, मित्रांनो. पण त्या "हॅलो" म्हणाल्या, आणि आवाज स्वच्छ गेला, रोज जायचा तसा.

"बघा, म्हणलं न्हवतं? माझ्या पेटीत खोट न्हाई," त्या अभिमानानं म्हणाल्या.

"मग खोट कुणात आहे?" पृथ्वीराजानं विचारलं.

तेव्हा त्यांना उमगलं. कानाला लावलेला फोन त्यांनी हळूच खाली ठेवला. मालक त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "सुकन्या, रागापायी असं कुणी करतं का? पाव्हण्यांसमोर? उद्यापासनं येऊ नको." ताईंनी आपला जेवणाचा डबा उचलला, चपला घातल्या आणि गेल्या. त्या दिवशी लाल बटण कुणीच दाबलं नाही.

आठवड्याभरात मी माळ्यावर गेले. आता फाटक्या कापडाच्या गठ्ठ्याखाली पडून आहे. खाली डब्याचं ठीक चाललंय. आवाज बदलायला पृथ्वीराजाला सवड झालेली नाही, त्यामुळे दिवसभर सुकन्याताई येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करतात. त्यांना मात्र कुणी आत घेत नाही. पृथ्वीराजावर माझा राग आहे, डब्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. काढायच्या तर खुशाल काढा, पण त्याच दिवशी पूर्ण काढा. अपमान करून अर्धवट जोडून ठेवू नका. आणि एक काम माझं करा. सुकन्याताई सोलापुरातच आहेत. कुठं भेटल्या, तर त्यांना सांगा की त्या सकाळी बटण कुणीच दाबलं नव्हतं. पेटीतच खोट होती, म्हणावं.